डझनाला तेरावी

२ फेब्रुवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. उशीर म्हणजे तुझं आत्ताचं पत्र येऊन महिना झाला, तेवढाच नव्हे. त्याच्या आधीच्या पत्राचंही उत्तर यातच धर. ते येऊन सहा वर्षं झाली. मधल्या काळात लिहायला बसलोच नाही असं नाही. बसलो की रागच कागदावर उतरायचा, आणि जे लिहून व्हायचं ते पाठवण्याजोगं नसायचं. सूनबाई म्हणते फोन करा. फोनवर तू 'हॅलो' म्हणालास की मला पुढचं सुचत नाही, आणि रागावायला तर वेळच पुरत नाही. कागद बरा. कागद मधेच ठेवून देत नाही.

तुझं ते जुनं पत्र मला पाठ आहे. तिकडच्या मोठ्या कंपनीत तू माल खरेदी करणारा साहेब झालास, आणि पहिलं काम काय केलंस, तर आपल्याच अप्पांच्या कारखान्याच्या कात्र्या घेणं बंद केलंस. कारणं एकाखाली एक लिहिली होतीस, डॉक्टर पथ्य लिहून देतो तशी. भाव जास्त. माल वेळेवर येत नाही. एक कात्री दुसरीसारखी नसते. कागदपत्रं अर्धवट. म्हणून यापुढे माल त्या दुसऱ्या देशातून घेणार. आम्ही घरात त्यांना नुसतं 'पलीकडचे' म्हणतो, भांडलेल्या शेजाऱ्याला म्हणतात तसं.

आता सहा वर्षांनी लिहितोस की पलीकडच्यांवर सगळा भार नको असं कंपनीला वाटायला लागलंय, तेव्हा नमुन्यादाखल एक ऑर्डर आपल्याला देता येईल. शिंप्याच्या मोठ्या कात्र्या. माल पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर. वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण तू ते पत्र यंत्रावर छापून पाठवलंस, आणि त्यात मला 'आपण' लिहिलंस. 'आपण कळवावे', 'आपणांस विनंती'. ज्याचं शेंबडं नाक मी माझ्या सदऱ्याच्या बाहीला पुसलं, त्यानं 'आपला विश्वासू' म्हणून सही करावी! दोन दिवस मी ते पत्र कपाटाखाली सरकवून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तुझ्या पुतण्यानं केरसुणीनं ओढून बाहेर काढलं.

शेवटी लिहिलं आहेस की या मालाची जबाबदारी मी कंपनीत स्वतःवर घेतली आहे. मी सूनबाईला म्हटलं, बघ, मोठेपणा मिरवतोय. ती म्हणाली, "बाबा, हे मिरवणं नाही. माल चुकला तर मान त्यांची जाणार, असा याचा अर्थ." मी म्हटलं, अप्पांच्या कारखान्याचा माल चुकेल कशाला?

तर ऑर्डर घेतली. मानानं घेतली असं समजू नकोस. भट्टी आता आठवड्यातून निम्मे दिवसच पेटते. शेडचा मालक दर महिन्याला येऊन भिंतींकडे बघून जातो. त्याला तिथे गोदाम काढायचंय. ही ऑर्डर बसली तर भट्टी चालेल, नाही तर तुझा पुतण्या, सूनबाई आणि उरलेले चार कारागीर, सगळ्यांनी दुसरं दार बघायचं. माझं काय, मी पिकलं पान. पण पिकल्या पानालाही पडायला झाड लागतं.

तुझा,
दादा

११ मार्च

धाकट्या,

तू पाठवलेलं माप मिळालं. पत्र्याची ती खाचा पाडलेली पट्टी बघून पॉलिशवाला आरसा म्हणाला, "दादा, साहेबांनी कात्री मागितलीय की तिची जन्मपत्रिका?" आरसा तुला आठवत असेल. त्याच्या हाताखालून गेलेल्या पात्यात तोंड बघून तू मिशा कापायचास. आमच्याकडे काम उरलं नाही म्हणून तो मोठ्या दुकानाच्या दारात पहारेकरी झाला. सांगतो, दिवसभर काचेच्या दाराजवळ उभा असतो, आणि दार पुसायला दुसराच माणूस ठेवलाय. बघवत नाही म्हणतो. या ऑर्डरीसाठी सुट्टीच्या दिवशी येतो.

तुझी अट अशी की कुठलंही वरचं पातं कुठल्याही खालच्या पात्याला बसलं पाहिजे. आपल्याकडे कधी असं झालंय का? आपण पात्याशी पातं लावून, कानाशी धरून, आवाज ऐकून जोडी जमवतो. मी पोराला म्हटलं, अरे, कुणाचंही कुणाशी लग्न लावून संसार होतो का? तो म्हणाला, "पलीकडे होतो, बाबा. लाखांनी होतात. आणि कुणी माहेरी परत येत नाही." हसायला आलं आणि रागही आला. तरी मी माप पाळलं. पहिली शंभर पाती मोडीत गेली तेव्हा पाळलं गेलं.

तुझ्या कारणांची उत्तरं आता देतो. सहा वर्षं साठली आहेत.

भाव जास्त. होय, जास्त. आपलं पोलाद बाहेरून येतं. देशातला पोलादाचा मोठा कारखाना बुडू नये म्हणून सरकारनं बाहेरच्या पोलादावर कर बसवला. मोठ्याला वाचवलं, चांगलं केलं. पण कात्री पोलादाचीच होते, लोण्याची होत नाही. एकाला वाचवायला दुसऱ्याच्या अंगावरची चादर ओढली, एवढंच. पलीकडच्यांना तेच पोलाद बिनकराचं मिळतं, आणि तुमच्या देशाशी त्यांचा करार असल्यामुळे त्यांच्या कात्रीला तुमच्या बंदरावरही कर नाही. आपल्या कात्रीला दोन्हीकडे टोल. मग तू मला विचारतोस, दादा, भाव जास्त कसा?

आणि मागच्या महिन्यात आपलं चलन वधारलं. पेपरात केवढा आनंदीआनंद! पानभर हार-तुरे. मलाही बरं वाटलं, म्हटलं, देशाची पत वाढली. सूनबाईनं हिशेब करून सांगितलं की आता तुमच्याकडून येणारा तोच पैसा इथे बदलून घेतला की कमी भरणार. म्हणजे आपला पैसा मोठा झाला म्हणून आपण लहान झालो. हे गणित चौथीपर्यंत शिकवत नाहीत, आणि पुढे मी गेलो नाही. तुला शिकवायचं म्हणून गेलो नाही, हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं.

माल एकसारखा नाही. वीज एकसारखी आहे का? पात्याला पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं तेलात बुडवताना, भट्टीची आच हलता कामा नये. हलली की पातं एकतर काच होतं नाहीतर शिसं. इथे वीज पाहुण्यासारखी येते. पोरगा भट्टीपुढे उभा असतो आणि दिवा लुकलुकला की त्याचा चेहरा असा होतो, की मी दुसरीकडे बघतो. पलीकडच्या कारखान्यांना सरकार वेगळी तार देतं म्हणे, कधी न जाणारी. मी हे कुणाच्या नावानं बोटं मोडायला लिहीत नाही. मोडतो आहेच, पण नुसती बोटं मोडायला लिहीत नाही. तू तुझ्या पत्रात 'दादाचा हात बिघडला' असं लिहिलं नव्हतंस, पण मी तसंच वाचलं होतं. हात बिघडलेला नाही. अजूनही माझी कात्री टोकानं ओला कापूस कापते.

एका गोष्टीवरून घरात वाद झाला. अप्पांची तेरावी. प्रत्येक डझनाच्या पेटीत वर एक जास्तीची कात्री, निळ्या कागदात गुंडाळून, बिलात न धरता. एखादी बोथट निघालीच तर गिऱ्हाइकानं शिवी द्यायच्या आत ती बदलून घ्यावी. अप्पा म्हणायचे, बारा विकायच्या आणि तेरावीनं माणूस ठेवायचा. ती ठेवायचं काम तुझं असायचं. स्टुलावर चढून ठेवायचास आणि झाकणावर दोनदा टिचकी मारायचास. मी भरलेल्या पेट्यांवर तू टिचकी मारल्याशिवाय खिळे ठोकत नसत.

सूनबाई म्हणते, या वेळी तेरावी नाही. कागदात बारा तर पेटीत बारा. काकांच्या अटींत तसं लिहिलंय, एक कमी नाही, एक जास्त नाही. कमी नको हे कळलं. जास्त नको अशी अट कुणी घातलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. बरं म्हटलं. घरात शांतता हवी असेल तर बरं म्हणावं.

दादा

१९ एप्रिल

धाकट्या,

माल गेला. आज छातीवरचं ओझं उतरलं आणि लगेच दुसरं चढलं. माझ्या छातीला रिकामं बसायची सवय नाही.

बंदरापर्यंतच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढलाय, म्हणून ट्रक डोंगराला वळसा घालून गेला. पोचेपर्यंत ठरलेली बोट सुटली होती. पुढची पंधरा दिवसांनी. बंदरावरचा आपला एजंट, तोच तो सतत लवंग चघळणारा, म्हणाला, "दादा, पलीकडच्यांच्या बंदरातून एक दिवसाआड बोट सुटते. त्यांची चुकली तर चहा पितात. आपली चुकली तर श्राद्ध घालतात." त्याला हसू येतं, त्याचं पोट कुणाचाही माल आला-गेला तरी भरतं. पंधरा दिवस पेट्या बंदराच्या खारट हवेत पडून होत्या. मी तेलाचा हात जास्त दिलाय, गंज चढणार नाही. तरी तू बघ.

माल निघायच्या आधीचे दोन दिवस सूनबाई दाखल्यासाठी बंदराच्या कचेरीत होती. कात्रीच्या मुठीच्या रंगात विष नाही असा दाखला. मी म्हटलं, मूठ धरायची असते, चाटायची नसते. पण दाखल्याशिवाय माल चढत नाही, आणि दाखला देणारा साहेब जागेवर बसत नाही. ती तिकडे होती म्हणून पेट्या मी भरल्या. वजन तिनं आधीच एक पेटी तोलून कागदात लिहून ठेवलं होतं. आल्यावर तिनं विचारलं, सगळं सांगितल्याप्रमाणे ना? मी मान हलवली. मान कशीही हलवता येते.

एक मागणं. माल पोचला की एक पेटी तू स्वतः उघड. हाताखालच्या माणसाकडे देऊ नकोस. साहेब लोक पेट्या उघडत नाहीत हे मला माहीत आहे, पण एक उघड. वरचं झाकण काढलंस की तुला माझं उत्तर मिळेल. कागदावर मला ते लिहिता येत नाही. रागाचं लिहिता येतं, बाकीचं येत नाही.

उघडलीस की लगेच दोन ओळी पाठव.

दादा

२७ जून

धाकट्या,

तुझं पत्र नाही. मी रोज जिन्यावर टपालवाल्याचे पाय ऐकतो. आता त्यानं आपल्या मजल्यापर्यंत येणंच सोडलंय, खालूनच हात हलवतो.

माल पोचून बरेच दिवस झाले असणार. आधी म्हटलं बोटीला उशीर असेल. मग म्हटलं तू रजेवर असशील. मग वाटलं की पाती मापात बसली नाहीत आणि तुला सांगायला जड जातंय. पोरगा म्हणाला, "बाबा, काकांना जड जात नाही. सहा वर्षांपूर्वी गेलं होतं का?" मी त्याला गप्प केलं. तुला मी काही बोलेन, त्यानं बोलायचं नाही.

काल एजंट आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. तुमच्या बंदरावर आपला सगळा माल अडवून ठेवलाय म्हणाला. तिथे पेट्या न उघडता आतलं बघायचं यंत्र आहे. कागदात बारा आणि यंत्राच्या चित्रात तेरा. एका पेटीत नाही, सगळ्या पेट्यांत. न सांगितलेला माल, असं त्यांनी लिहून काढलंय.

सूनबाई तेव्हा दारातच उभी होती. एजंट गेल्यावर तिनं दार लावलं. मग समोर येऊन बसली.

"बाबा, पेटीत किती होत्या?"

"सांगितल्या होत्या तेवढ्या."

"मी सांगितल्या तेवढ्या, की अप्पांनी सांगितल्या तेवढ्या?"

मी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

तूच सांग, यात गुन्हा काय? कमी दिल्या असत्या आणि चोर म्हटलं असतं, तर मान खाली घातली असती. जास्त दिल्या म्हणून चोर? मी तिला हेच म्हटलं. ती भांडली नाही, तेच वाईट. हळूच म्हणाली, "तिथे कागदापेक्षा जास्त आलं म्हणजे कर चुकवून आलं, बाबा. तुमची माया त्यांना कशी दिसणार? यंत्रात फक्त पोलाद दिसतं."

तेव्हापासून पोरगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. काम नाही, म्हणून बोलत नाही.

मी तुला खरं लिहितो. गिऱ्हाइकासाठी नव्हती ती तेरावी. तुझ्या कंपनीशी मला काय देणंघेणं? ती पेटी तू उघडावीस, वर निळा कागद दिसावा, आणि तुझं बोट आपोआप झाकणावर वाजावं, एवढ्यासाठी ठेवली. एकाच पेटीत ठेवणार होतो. पण तू कुठली उघडशील ते कसं कळणार? म्हणून सगळ्यांत ठेवली.

माल कधी सुटेल ते कळव. दंड असेल तर तेही कळव. मला जपू नकोस.

दादा

८ ऑगस्ट

धाकट्या,

तू लिहिणार नाहीस हे आता कळलं, आणि का ते पण कळलं. एजंटाचा तुमच्या बंदरावर एक भागीदार आहे, त्याच्याकडून सगळं आलं. माझ्यापासून लपवून ठेवायला तू कोण मोठा लागून गेलास?

तुला बंदरावर बोलावून घेतलं. तुझ्यासमोर पेटी फोडली. साहेबानं निळ्या कागदातली कात्री वर धरून विचारलं, हे काय? भागीदार सांगतो, तू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास की ही जास्तीची पाठवायला मीच सांगितलं होतं, कारखान्याचा यात दोष नाही.

झालं. तू कारखानदाराचा भाऊ, तूच ऑर्डर दिलेली, तूच जबाबदारी घेतलेली, आणि आता तूच म्हणतोस की जास्तीचा माल मी मागवला. कंपनीनं सरळ अर्थ काढला, की साहेब तेरावी परस्पर विकून खिसा भरणार होता. तुला काढून टाकलं. अठरा वर्षांची नोकरी, आणि जाताना टेबलाच्या खणातलं सामानसुद्धा एक माणूस उभा राहून बघत होता म्हणे.

तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला कारण काढणारा तू, भाव, वेळ, माप, कागद. त्या दिवशी तुझं सगळं व्यवहारज्ञान कुठे गेलं होतं? 'माझा थोरला भाऊ अडाणी आहे, जुन्या खोडीनं ठेवली असेल' एवढं म्हणायला काय झालं होतं? खरंच होतं ते. मला राग आला असता, पण माझ्या रागाची तुला इतक्या वर्षांत सवय झालीच आहे.

आता ऐक. तू दोष अंगावर घेतलास म्हणून आपला कारखाना त्यांच्या लेखी स्वच्छ आहे. तुझ्या जागी आलेल्या नव्या साहेबानं एजंटाकडे निरोप पाठवला, की पाती मापात बसली आहेत, धार पलीकडच्यांपेक्षा सरस आहे. जास्तीच्या कात्र्या काढून घेऊन माल सोडवतोय. पुढची ऑर्डर देता येईल.

निरोप ऐकून पोरानं भट्टीची जाळी साफ करायला घेतली. कारागिरांना सांगून आला. आरसा पहारेकऱ्याचा डगला परत करायला निघाला होता, त्याला मी थांबवलं.

मी सूनबाईला म्हटलं, त्यांच्या भाषेत मला एक पत्र लिहून दे. तेरावी मी ठेवली, माझ्या भावाला ठाऊकही नव्हतं, तो खोटं बोलला ते माझ्यासाठी. ती लिहू लागली तेव्हा पोरगा आला. त्याचं बोलणं जसं होतं तसं लिहितो, कारण ते खोटं नाही.

"काका गेले ते गेले, बाबा. हे पत्र गेलं की आपणही गेलो. काकांनी ज्यासाठी मान दिली तेच तुम्ही पाण्यात टाकणार."

मी म्हटलं, आणि त्याच्या नावावर चोरी राहू दे?

तो म्हणाला, "तिथे त्यांना किती लोक ओळखतात? इथे मला चार घरं ओळखतात, त्यांना शब्द देऊन आलोय."

सूनबाईनं पत्र पुरं केलं, माझी सही घेतली आणि पाकिटात घातलं. "लिहून द्यायचं माझं काम झालं," म्हणाली. "पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा." मला वाटलं होतं ती तरी सांगेल. शिकलेली माणसं नको तिथे सांगतात आणि हवं तिथे गप्प बसतात.

पाकीट सदऱ्याच्या खिशात आहे. जिना उतरतो आणि चढतो. कात्रीत सापडणं काय असतं ते कात्र्या करणाऱ्याला उतारवयात कळतंय.

तू काय म्हणतोस ते लवकर लिही. तू नको म्हणालास तर थांबतो.

दादा

३० सप्टेंबर

धाकट्या,

तू काही म्हणाला नाहीस. मी थोडे दिवस वाट बघितली आणि पत्र टाकलं. टपालपेटीत हात घालून परत काढता येतं का तेही बघितलं. येत नाही.

कंपनीचं उत्तर आलं. सूनबाईनं वाचून दाखवलं. कळवल्याबद्दल आभार मानलेत. माल पाठवणाऱ्यानंच नियम मोडल्याचं कबूल केल्यामुळे यापुढे या कारखान्याकडून माल घेता येणार नाही, असं लिहिलंय. आणि तुझ्याबद्दल एकच ओळ, की ते प्रकरण मिटलेलं आहे, त्या जागेवर दुसरी नेमणूक झाली आहे. मी म्हटलं, पुन्हा वाच, पुढे काहीतरी असेल. पुढे सही होती.

म्हणजे तू मला वाचवायला गेलास आणि मी तुला, आणि दोघंही बुडालो. भाव, वेळ, माप, वीज, पूल, बोट, कर, या सगळ्यांतून कात्री पार गेली होती रे. धारेत सरस म्हणाले होते. अप्पा असते तर त्यांनी माझ्या कानशिलात मारली असती की डोक्यावर हात ठेवला असता, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

भट्टी विझली. मशिनं विकायला काढली. जुन्या यंत्रांचा दलाल येऊन चाकं फिरवून बघून गेला. मला वाटलं पलीकडे पाठवेल. म्हणाला, "दादा, पलीकडच्यांनी असली मशिनं कधीच टाकून दिली." शेवटी वजनावर भंगारात गेली. आरसा पॉलिशचं चाक तेवढं उचलून घेऊन गेला. घरात ठेवायला जागा नाही तरी नेलं.

शेडमध्ये मालकानं गोदाम काढलं. तुझ्या पुतण्याला तिथेच काम मिळालं. जिथे भट्टी होती तिथे आता बाहेरून आलेले खोके रचतो. परवा काय आलं असेल? पलीकडच्यांच्या कात्र्या. आपल्या गावच्या शिंप्यांसाठी. बंद झालेल्या कारखान्याच्या जागेवर त्याच मालाचं गोदाम. देवालासुद्धा इतका कडू विनोद सुचायला नको होता.

खोका एका बाजूनं दबला होता म्हणून एक पेटी त्यानं घरी आणली, मला दाखवायला. इतक्या दिवसांनी तो माझ्याशेजारी बसला. मी एक कात्री घेतली, पात्याशी कान लावला. आवाज कोरडा आहे, पण सरळ आहे. ओला कापूस मागवला. टोकानं कापला. पुन्हा कापला. काही खोट काढायला जागा ठेवली नाही मेल्यांनी. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली, सगळ्या तशाच. दोन कात्र्यांची पाती सोडवून अदलाबदल केली, तरी बसली.

मग मी पेटी पालथी केली. का केली ते मला माहीत नाही. बारा होत्या. तळाचा कागद उचलून बघितला, झाकणाच्या आत बघितलं. बाराच.

तू कुठे आहेस हे मला कुणी सांगत नाही. एजंट म्हणतो तू ते घर सोडलंस. हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतोय, कुणीतरी पुढे पाठवेल या आशेवर. इकडे यायचं असेल तर ये. मधली खोली रिकामी आहे, तिथे पेट्या रचायचो, आता काही नाही. नसेल यायचं तर येऊ नकोस. पण तुला दुसरं काम मिळालं का, जेवतोस कुठे, ती निळ्या कागदातली कात्री साहेबानं तुझ्याकडे दिली की ठेवून घेतली, एवढं तरी लिही. शिव्या लिही. कारणं लिही, एकाखाली एक. मी या वेळी सहा वर्षं लावणार नाही, त्याच दिवशी उत्तर देईन.

लवकर लिही. 'आपण' लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
दादा